छत्तीस फोटोंचं लग्न

मुलांनो, तुमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईबाबांच्या किंवा आजीआजोबांच्या लग्नाचा अल्बम असेल. तो खाली काढा आणि त्यात अंतरपाट दूर होतानाचा फोटो शोधा. सापडला? आता सांगा, अंतरपाट दूर व्हायला किती वेळ लागतो? जेमतेम एक-दोन सेकंद! तेवढ्यात वधूवरांचे चेहरे, उडणाऱ्या अक्षता आणि पुढे आलेले हार, सगळं टिपायचं. फोटो चुकला म्हणून भटजींना "पुन्हा एकदा अंतरपाट धरा" असं म्हणता येईल का? छे!

त्यातून तो काळ फिल्मचा. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली तयार केला खरा, पण आपल्याकडे १९९०च्या दशकातली लग्नंसुद्धा फिल्मवरच टिपली जात. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये फोटो बसायचे छत्तीस. कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो बघायची सोय नव्हती. रोल धुऊन आला की मगच कळायचं, अंतरपाट साधला की हुकला ते. म्हणून फोटोग्राफरला सगळा विचार आधीच करावा लागे. कोणता रोल, कोणती लेन्स, कोणता फ्लॅश? चला, आज आपणही तो विचार करून बघू.

रोल कोणता घ्यायचा?

रोलच्या डबीवर १००, २००, ४०० असे आकडे असतात. हा आयएसओ आकडा म्हणजे फिल्म प्रकाशाला किती लवकर दाद देते त्याचं माप. आकडा दुप्पट झाला की निम्म्या प्रकाशात काम भागतं. मग सगळ्यांनी ४००चाच रोल का घेऊ नये? त्याचं कारण फिल्मच्या पोटात आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक स्फटिक असतात. मोठे स्फटिक प्रकाश पटकन पकडतात, पण फोटो मोठा केला की रव्यासारखे दिसू लागतात. १००च्या फिल्मचे स्फटिक बारीक, म्हणून फोटो गुळगुळीत. मात्र तिला प्रकाश भरपूर हवा.

म्हणून लख्ख उन्हातल्या सहलीला १००चा रोल आणि मंगल कार्यालयात ४००चा. उन्हासाठी तर एक सोपा नियम आहे. ऊन स्वच्छ असेल तर लेन्सचा आकडा १६ वर ठेवायचा आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका. फिल्म १००ची असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग! कॅमेऱ्यावर १०० नसतो, म्हणून त्याच्या जवळचा १२५ घ्यायचा.

आणखी एक निवड असते, निगेटिव्ह की स्लाइड? स्लाइडचे रंग झकास, पण तिला प्रकाश अगदी मोजून द्यावा लागतो. कलर निगेटिव्ह जास्त समजूतदार. प्रकाश थोडा जास्त पडला तरी ती सांभाळून घेते. लग्नात नवरदेवाचं धोतर पांढरंशुभ्र आणि नवरीचा शालू गडद. एकाच फोटोत दोन्ही नीट यायला हवेत. म्हणूनच लग्नाला निगेटिव्ह फिल्म वापरत.

कार्यालयात कोणती लेन्स, माळावर कोणती?

लेन्सवर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. ५० ची लेन्स ही नेहमीची. खोली लहान आणि माणसं फार, अशा वेळी २८ किंवा ३५ ची लेन्स बरी, कारण तिच्यात जास्त जागा मावते. पण फार रुंद लेन्स लावली की कडेला उभे असलेले मामा ताणल्यासारखे रुंद दिसतात! नुसत्या चेहऱ्याचा फोटो काढायचा तर ८५ ते १०५ ची लेन्स छान. थोडं लांब उभं राहता येतं, चेहरा प्रमाणात दिसतो आणि मागची गर्दी अंधूक होते.

दुसरा आकडा असतो एफचा. हे गणित तुम्हांला सहज जमेल. लेन्सच्या लांबीला तिच्या छिद्राच्या व्यासानं भागायचं. ५० च्या लेन्सचं छिद्र २५ मिलिमीटरचं असेल तर ५० भागिले २५, म्हणजे एफ २. छिद्र १२.५ मिलिमीटर केलं तर एफ ४. म्हणजे आकडा लहान तेवढं छिद्र मोठं! आहे की नाही गंमत?

मैदानी फोटोत दूरचा पक्षी टिपायला २०० किंवा ३०० ची लेन्स लागते. पण लांब लेन्समध्ये हाताचा थरकापही मोठा होऊन दिसतो. त्यासाठी एक ठोकताळा आहे. लेन्स २०० ची असेल तर शटर निदान सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकं वेगवान हवं. एवढ्या कमी वेळात प्रकाश कमी येणार. सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत तो पुरत नाही. मग काय करायचं? ४००चा रोल! बघा, फिल्म आणि लेन्स एकमेकींचा हात धरूनच चालतात.

फ्लॅशचं गणित

पूर्वी फ्लॅशचे बल्ब असत. एक बल्ब एकदाच पेटायचा, की लगेच नवा लावायचा. पुन्हा पुन्हा चमकणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले हॅरॉल्ड एजर्टन यांनी विकसित केला.

फ्लॅशच्या ताकदीचा आकडा म्हणजे गाइड नंबर. समजा, १००च्या फिल्मला तो ३२ आहे. नवरानवरी ४ मीटरवर आहेत. ३२ भागिले ४ म्हणजे ८. लेन्स एफ ८ वर ठेवा. ती ८ मीटरवर असतील तर? बरोबर, एफ ४. आणि ४००ची फिल्म घातली तर गाइड नंबर होतो ६४.

अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. जुन्या अल्बममधला पंगतीचा फोटो बघा. पुढचे काका पांढरेफटक, मधले ठीक आणि टोकाची मंडळी अंधारात. आता कळलं ना कारण?

फ्लॅशचं तोंड वर, पांढऱ्या छताकडे केलं तर प्रकाश पसरून मऊ होतो. मांडवाला लाल कापड असेल तर मात्र सगळे लालबुंद दिसतील! शटरलाही जपावं लागतं. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी सेकंदाचा साठावा भाग ही मर्यादा असे. त्याहून वेगवान शटर ठेवलं की फोटोचा काही भाग चक्क काळा यायचा. आणि भर दुपारच्या उन्हातही फ्लॅश कामाचा आहे बरं का! डोळ्यांखाली आणि टोपीखाली पडलेल्या काळ्या सावल्या तो उजळतो.

एक चमक झाली की पुढची तयार व्हायला काही सेकंद लागतात. सेल जुने असतील तर आणखी वेळ. अंतरपाट मात्र तेवढा थांबत नाही! म्हणून मंगलाष्टकं चालू असतानाच शहाणा फोटोग्राफर नवे पेन्सिल सेल घाली. रोलवर चार-पाचच फोटो उरले असतील तर तो गुंडाळून नवा रोल चढवी. चार फोटो वाया गेले तरी चालतील, पण ऐन वेळी पस्तिसावा फोटो नको.

आणि हो, घरात जुना फ्लॅश सापडला तर तो खोलू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टची वीज साठते आणि सेल काढल्यावरही ती राहू शकते. झटका जोरदार बसतो.

आता तुमचं काम

पालकांनो, हे तुमच्यासाठीही. अल्बमच्या मागे पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या असतील. त्यांना कचरा समजू नका. रंगीत फोटोंचे रंग वर्षागणिक उडतात. निगेटिव्ह चांगली असेल तर तिच्यापासून पुन्हा फोटो करता येतो, स्कॅनही करता येतं. तिला फक्त कडेनं धरा, बोटं उमटू देऊ नका. पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते, म्हणून कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात ठेवा.

मुलांनो, तुम्ही अल्बम घेऊन आजीजवळ बसा. फ्लॅश कुठून पडला ते सावल्यांवरून ओळखा. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारून वहीत लिहा. निगेटिव्हवर चेहरे उरतात, नावं उरत नाहीत. ती आजीलाच ठाऊक असतात. मग काय, या रविवारी बसणार ना?