विश्लेषण : पंखे वाढवूनही संगणक का तापतो? हवेची वाट कशी आखावी?

लग्नसराई आणि उन्हाळा बरोबरच येतात. विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या लहान स्टुडिओत पारा ४२-४३ अंशांवर असताना लग्नाच्या व्हिडीओचे संपादन सुरू असते आणि नेमका त्याच दिवसांत संगणक रखडू लागतो. सकाळी दीड तासात तयार होणारी फाइल दुपारी अडीच तास घेते. कधी काम अर्ध्यावर असतानाच यंत्र बंद पडते. मग रॅम बदला, एसएमपीएस बदला, नाही तर आणखी दोन पंखे बसवा, असे सल्ले मिळतात. खर्च होतो, पण दुपारचे रखडणे थांबत नाही. अशा वेळी दोष अनेकदा पंख्यांच्या संख्येत नसतो, तर त्यांच्या दिशेत आणि जागेत असतो.

संगणक तापतो, म्हणजे काय होते?

संगणक जेवढी वीज घेतो, तिचे जवळपास सगळे रूपांतर अखेर उष्णतेत होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे त्यातील मुख्य स्रोत. आरटीएक्स ४०६० हे मध्यम श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराखाली सुमारे ११५ वॉट वीज घेते, तर आरटीएक्स ४०९० या वरच्या श्रेणीच्या कार्डची मर्यादा ४५० वॉट आहे. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट. म्हणजे संपादनाच्या किंवा गेमिंगच्या चांगल्या संगणकात ४०० वॉट उष्णता सहज तयार होते. टेबलाखालच्या बंद खोक्यात ६० वॉटचे सहा-सात जुने बल्ब लावून ठेवावेत, तसा हा प्रकार.

ही उष्णता बाहेर पडली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची तापमान मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. ही रेषा गाठली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. तरीही तापमान वाढत राहिले, तर यंत्र बंद होते. त्यामुळे उष्णतेचे पहिले नुकसान भाग जळण्याचे नसते, वेळेचे असते. पैसे मोजून घेतलेला वेग ऐन कामाच्या वेळी मिळत नाही.

पंखा संगणकाला ‘थंड’ करतो का?

पंखा हवा थंड करत नाही, फक्त ती हलवतो. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकच्या धातूच्या पात्यांमध्ये जाते, तिथून हवेत जाते आणि ती तापलेली हवा कॅबिनेटबाहेर गेली, तरच काम पूर्ण होते. त्यामुळे पंख्यांच्या जोरावर संगणकाचे तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील, तर मोजणी ४२ पासूनच सुरू होते.

स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅनचे उदाहरण इथे उपयोगी पडते. दारे-खिडक्या घट्ट लावून तो सुरू केला, तर पाती फिरतात, पण धूर घरातच घुटमळतो. समोरची खिडकी किंचित उघडली की तोच पंखा लगेच धूर ओढू लागतो. कॅबिनेटचेही तसेच आहे. हवा बाहेर जायला हवी असेल, तर तेवढीच आत येण्याची सोय हवी.

नेमकी किती हवा लागते?

हा हिशेब शालेय भौतिकशास्त्रातला आहे. ४०० वॉट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान दहाच अंशांनी वाढावे असे वाटत असेल, तर सेकंदाला साधारण ३३ ते ३५ लिटर हवा कॅबिनेटमधून जावी लागते. पंख्यांच्या खोक्यावर छापलेल्या भाषेत, म्हणजे मिनिटाला घनफूट या ‘सीएफएम’ मापात हा आकडा ७० ते ७५ होतो. हवा निम्मी झाली, तर तापमानातील वाढ दुप्पट होते. म्हणजे ४२ अंशांच्या खोलीत बाहेर पडणारी हवा ५२ अंशांऐवजी ६२ अंशांची असेल.

१२० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याच्या खोक्यावर ५० ते ७० सीएफएम लिहिलेले असते. त्यावरून एक-दोन पंखे पुरेसे वाटतात. पण हा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, धुळीने भरलेला फिल्टर आणि वायरींचा गुंता आला की प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. समोरून पूर्ण बंद काच असलेले देखणे कॅबिनेट आणि समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट यांच्यातला फरक इथेच पडतो. काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे असले, तरी त्यांना हवा कडेच्या फटीतूनच ओढावी लागते.

कोणता पंखा कुठे बसवावा?

इंटेलने १९९५ मध्ये आणलेली ‘एटीएक्स’ ही मदरबोर्डची रचना आजही बहुतेक डेस्कटॉपमध्ये वापरली जाते. तिच्यात प्रोसेसर वरच्या भागात, मागच्या बाजूजवळ असतो. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये हवेची सोपी वाट त्यामुळे ठरते : समोरून व खालून आत, मागून व वरून बाहेर.

साध्या कामाच्या संगणकाला समोर एक आणि मागे एक पंखा पुरतो. ग्राफिक्स कार्ड असेल, तर समोर दोन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा ही जोडणी बहुतेकांसाठी पुरेशी आहे. समोरचा खालचा पंखा ग्राफिक्स कार्डला ताजी हवा देतो, वरचा प्रोसेसरकडे हवा ढकलतो आणि मागचा तापलेली हवा ओढून घेतो. चौथा पंखा लावायचाच असेल, तर छताच्या मागच्या भागात, बाहेर टाकणारा लावावा. प्रोसेसरच्या स्वतःच्या कूलरचा पंखाही याच वाटेने, म्हणजे मागच्या पंख्याकडे हवा फेकणारा असावा.

नवी मुंबईतल्यासारख्या मोठ्या डेटा सेंटरमध्येही तत्त्व हेच असते. सर्व्हरच्या रांगा अशा मांडतात की थंड हवेची गल्ली वेगळी आणि गरम हवेची वेगळी राहावी. दोन्ही हवा मिसळल्या की थंड करण्यावर केलेला खर्च वाया जातो.

पंख्याची दिशा कशी ओळखायची?

घरी जुळणी करताना सर्वाधिक चुका इथे होतात. साध्या पंख्याची एक बाजू मोकळी असते आणि दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. हवा मोकळ्या बाजूने आत येते आणि पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या कडेवर बाण कोरलेले असतात. मात्र दर्शनी बाजू सुंदर दिसावी म्हणून उलट्या पात्यांचे पंखेही आता मिळतात आणि त्यांना हा नियम लागू पडत नाही. म्हणून पंखा सुरू करून त्याच्यासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहणे हा खात्रीचा उपाय. पट्टी जाळीला चिकटली तर पंखा हवा ओढतो, फडफडली तर हवा फेकतो.

जास्त पंखे म्हणजे जास्त थंडावा का?

ठरावीक मर्यादेपर्यंतच. पहिला आत घेणारा आणि पहिला बाहेर टाकणारा पंखा यांनी मोठा फरक पडतो. पुढच्या प्रत्येक पंख्याचा लाभ कमी होत जातो. चुकीच्या जागी लावलेला पंखा तर नुकसान करतो. छताच्या पुढच्या भागात बाहेर टाकणारा पंखा लावला, तर समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच वरून निघून जाते. मागचा पंखा उलटा बसला, तर नुकतीच बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत येते. दोन पंखे समोरासमोर फेकू लागले, तर मधली हवा तिथेच घुमत राहते.

वेग वाढवण्यालाही मर्यादा आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला, तर हवा साधारण दुप्पट मिळते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज असह्य होतो. त्याऐवजी जागा असेल तिथे १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा घ्यावा. तितकीच हवा तो कमी वेगात आणि कमी आवाजात देतो. पंख्याला चार पिनांची जोडणी असेल, तर मदरबोर्ड तापमानानुसार त्याचा वेग कमी-जास्त करू शकतो. ही सोय बायोसमध्ये असते.

हवा आत जास्त असावी की बाहेर जास्त?

आत येणारी हवा किंचित जास्त असणे आपल्याकडे सोयीचे. बाहेर टाकणारे पंखे वरचढ झाले, तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या खाचेतून हवा ओढते आणि तिच्याबरोबर धूळही येते. आत घेणारे पंखे थोडे जास्त असतील, तर हवा बहुतांशी फिल्टरमधूनच आत येते आणि फटींतून बाहेर पडते. रस्त्याकडेचे दुकान, सुरू असलेले बांधकाम किंवा गावातली धूळ यांचा विचार करता थंडाव्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसला की उत्तम पंखाही निरुपयोगी ठरतो. अर्थात फिल्टर वेळच्या वेळी साफ केला, तरच हा फायदा टिकतो. ब्लोअरने सफाई करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडल्यास ती प्रमाणाबाहेर वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होऊ शकते.

झाकण काढून टेबल फॅन लावला तर?

उन्हाळ्यात अनेक ठिकाणी दिसणारा हा जुगाड तात्पुरता चालतो, पण धूळ थेट मदरबोर्डवर जाते. मात्र झाकण काढणे ही चांगली चाचणी आहे. तेच काम झाकण लावून आणि काढून करावे आणि तापमान पाहावे. झाकण काढल्यावर ते दहा-बारा अंशांनी उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. फारसा फरक पडला नाही, तर पंखे घेऊन उपयोग नाही. तेव्हा हीटसिंकमधली धूळ, सैल बसलेला कूलर किंवा वाळलेली थर्मल पेस्ट तपासावी. पेस्ट बदलण्याचा खर्च नव्या पंख्यांच्या संचापेक्षा बराच कमी असतो.

तापमान पाहण्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचे तापमान दिसू शकते, प्रोसेसरचे दिसत नाही. केवळ मोठा आकडा पाहून घाबरू नये. पूर्ण भाराखाली वेग टिकतो की घसरतो, ही खरी खूण.

कॅबिनेट कुठे ठेवावे?

ज्याला बोलीभाषेत सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात, ते खोके कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ढकलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे मागून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीला आपटून समोर येते आणि पुन्हा आत ओढली जाते. आत पंखे सहा असले, तरी मग फिरते ती तीच हवा. मागे आणि वर किमान वीतभर जागा मोकळी असावी, कप्प्याचे दार उघडे ठेवावे, चालू यंत्रावर कापडी कव्हर टाकू नये. एसएमपीएसचा पंखा अनेक कॅबिनेटमध्ये खालून हवा घेतो, त्यामुळे ते गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतातही नको. त्या हवेबरोबर ओल आणि कधी पाण्याचे तुषारही येतात.

एवढे करूनही भागले नाही तर?

मग खोलीकडे पाहावे लागते. बंद खोलीत ४०० वॉटचे यंत्र चार तास चालले, तर खोलीच तापते. खोलीची हवा बदलत राहिली, तर यंत्राला मिळणारी हवाही तेवढी थंड राहते. शक्य असेल तिथे जड रेंडरिंग पहाटे किंवा रात्री लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. खोलीत दहा अंश कमी असतील, तर तेवढ्याच भाराखाली आतले तापमानही साधारण तेवढेच खाली येते. मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत तंत्रज्ञांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

त्यामुळे नवा पंखा विकत घेण्याआधी अर्धा तास काढून चार गोष्टी पाहाव्यात : फिल्टर स्वच्छ आहे का, प्रत्येक पंख्याची दिशा बरोबर आहे का, मागे मोकळी जागा आहे का आणि झाकण काढल्यावर तापमान किती उतरते. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडते. त्यानंतरही पंखा लागलाच, तर तो नेमका कुठे आणि कोणत्या दिशेने बसवायचा, हे दुकानात जाण्यापूर्वीच ठाऊक असते.