वळवणची बोटुकली आणि कावेरीचा मासा

पावसाळ्यात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी महसीर माशाचं बीज तयार होतं. पिकलेली मादी ओल्या फडक्यात धरायची, पोट कोरडं पुसायचं आणि शेपटीच्या दिशेने हलक्या हाताने अंगठा ओढायचा. सोनेरी-पिवळी अंडी कोरड्या भांड्यात पडतात. त्यांवर नराचं शुक्र सोडून पिसाने ढवळतात आणि मगच पाणी घालतात. महसीरचं अंडं जड, तळाशी बसणारं, म्हणून ते वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून ठेवतात. तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पण पोटाला बलकाची एवढी मोठी पिशवी असते की त्याला धड पोहता येत नाही. सगळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन पडून राहतात. काही महिने जपल्यावर त्यांची बोटाएवढी बोटुकली होते.

टाटांच्या वीज कंपनीने हे काम १९७०च्या दशकात हाती घेतलं. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची पद्धत बसवली. महसीर अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि धरणाची भिंत त्याची वाटच अडवते. ज्यांच्या धरणांनी ही वाट अडली त्यांनीच माशाचं बीज राखावं, हे मला न्यायाचं वाटतं. इथला महसीर म्हणजे टोर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. तो आपल्या दख्खनच्या नद्यांचाच मासा आहे.

मात्र बोटुकली दख्खनपुरती राहिली नाही. ती अनेक राज्यांत गेली, तशी कर्नाटकातल्या कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून दुसरा महसीर नांदत होता: पाठीला उंच कुबड, नारिंगी पर आणि अवाढव्य देह. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा महसीर आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. गळ टाकणाऱ्यांना हा मासा चांगला ठाऊक होता. शास्त्राच्या दप्तरात मात्र त्याला पक्कं नाव नव्हतं, त्यामुळे संकटग्रस्तांच्या यादीत तो कुठेच नव्हता. यादीत होता तो खुद्री, आणि पैदासही त्याचीच झाली.

पुढे काय झालं ते मासे पकडून परत सोडणाऱ्या शौकिनांच्या नोंदवह्यांत सापडलं. कावेरीकाठच्या गालिबोर शिबिरातल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी मत्स्यसंशोधक एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. सहा हजारांवर मासे नोंदलेले होते. एकूण महसीर वाढत होते, पण ती वाढ निळसर परांच्या, बाहेरून आलेल्या माशाची होती. कुबडवाला जवळपास दिसेनासा झाला होता. २०१८ साली डीएनएच्या आधारे त्याची ओळख टोर रेमादेवी म्हणून पटली आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. खुद्रीची नोंद मात्र पुढे कमी चिंतेच्या गटात गेली.

याचा सगळा दोष बोटुकलीच्या माथी मारणं बरोबर नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनीही नदी पोखरली. पण वर्षानुवर्षं आकडे वाढत राहिले आणि आपण त्यावर समाधानी राहिलो, हे मला फार गंभीर वाटतं. मासे वाढले एवढं पुरत नाही. कोणते वाढले, हे विचारायला हवं होतं.

वळवणचं कसब फुकट गेलेलं नाही. तेच कसब आता ज्या त्या नदीचं बीज त्या त्या नदीसाठी राखायला वापरता येईल. कुबडवाल्याची पैदास करायची तर जनक मासे कावेरीच्या खोऱ्यातलेच हवेत, आणि ते थोडेच उरलेत. आपल्याकडे खुद्रीचं घर भीमा-कृष्णेच्या पाण्यात आहे. पण लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी आळंदीला पोचेपर्यंत फेसाळते. अशा पाण्यात बोटुकली सोडून छायाचित्रं काढण्यात अर्थ नाही.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. अशी जागा तुमच्या नदीवर असेल तर तिथला डोह आणि त्यातलं पाणी आधी सांभाळा. आणि उद्या कुणी पिशव्या भरून मत्स्यबीज सोडायला आलं, तर हे बीज कोणत्या नदीचं, एवढं त्यांना जरूर विचारा.