बॅटरी थंडीने जात नाही

डिसेंबर-जानेवारीत पहाटे किल्ली फिरवली आणि सेल्फने नुसती टकटक केली, की ‘थंडीने बॅटरी गेली’ असे आपण म्हणतो आणि दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य खाते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि यात वीज देणाऱ्या क्रियेबरोबर नको असलेल्या क्रियाही आल्या. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, आम्लातले पाणी उडते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बॉनेटखाली बॅटरी याहून बऱ्याच जास्त तापमानात काम करत असते. एवढे होऊनही गाडी उन्हाळ्यात सुरू होते, कारण गरम बॅटरी जोरात वीज देते आणि इंजिन ऑइलही पातळ असते. पुढे निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला, ऑइल दाट झाले, सेल्फला जास्त करंट लागू लागला, की मे महिन्यात झालेली झीज जानेवारीत उघडी पडते. दोष थंडीचा मानला, की बॅटरी निवडतानाही आपण चुकीच्या गोष्टी बघत बसतो.

त्यातली पहिली म्हणजे मोठा आकडा. ‘पस्तीसच्या जागी पंचेचाळीस टाका, जास्त टिकेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. अँपिअर-अवर म्हणजे साठा. 35 अँपिअर-अवरची बॅटरी पावणेदोन अँपिअर करंट वीस तास देते, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन सुरू करायला हा साठा किती लागतो, हे सोप्या गणितात कळते. छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फने दीडशे अँपिअर करंट दोन सेकंद ओढला, तरी खर्च झाले फक्त 0.08 अँपिअर-अवर. म्हणजे गाडी सुरू होणे साठ्यापेक्षा क्षणात मोठा करंट देण्याच्या ताकदीवर अवलंबून आहे. बॅटरीवरच्या आकड्याचाही नीट अर्थ लावला जात नाही. 38B20L मधले 38 हे अँपिअर-अवर नाहीत, तो क्षमतेचा निर्देशांक आहे; ती बॅटरी बहुधा 35 अँपिअर-अवरचीच असते. 20 ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी, आणि शेवटचे L किंवा R अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. हे अक्षर चुकले तर केबल पोचत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली गेली तर गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळू शकतात. दुकानात किमतीची घासाघीस करण्याआधी हे अक्षर बघावे.

मोठ्या बॅटरीमुळे गाडीची उपकरणे जळतात, असे म्हणणारेही आहेत. तेही खरे नाही. सेल्फ, दिवे, पंखा यांना लागेल तेवढाच करंट ते घेतात. बॅटरी मोठी म्हणून त्यांच्यात जास्त वीज ढकलली जात नाही. ट्रेमध्ये नीट बसत असेल, क्लॅम्प घट्ट होत असेल आणि टर्मिनल जुळत असतील, तर थोडी मोठी बॅटरी चालते. पण तिने आयुष्य वाढते हा समज मात्र सोडावा लागेल. रोजच्या छोट्या फेऱ्यांत जेवढी वीज बाहेर जाते आणि जेवढी परत भरते, त्यातली तूट दोन्ही बॅटऱ्यांत सारखीच राहते. मोठ्या साठ्यात ती उशिरा दिसते, इतकेच. यावर कोणी म्हणेल, मग निदान जास्त सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याची क्षमता, असलेली बॅटरी तरी घ्यावी. ही क्षमता उणे 18 अंशांना मोजतात. असे तापमान लडाखमध्ये येते, महाराष्ट्रात येत नाही. शिवाय त्याच आकाराच्या डब्यात जास्त क्षमता बसवायची तर बहुतेकदा प्लेटा पातळ करून त्यांची संख्या वाढवावी लागते, आणि पातळ प्लेट उष्णतेत लवकर गंजते. डिझेल इंजिनाला जास्त क्षमता लागते हे खरे, कारण तिथे कॉम्प्रेशन जास्त असते. कंपनीने ज्या गाडीला जी किमान क्षमता सांगितली आहे ती पाळावी. तिच्या खाली जाऊ नये आणि तिच्या दुप्पट मिळावी म्हणून पैसे मोजू नयेत.

उष्णतेनंतर बॅटरीचा दुसरा शत्रू म्हणजे अर्धवट चार्ज होऊन पडून राहणे, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तो पहिल्याइतकाच मोठा आहे. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि कंट्रोल युनिट थोडा करंट घेत राहतात. तो 30 मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला 0.72 आणि आठवड्याला पाच अँपिअर-अवर जातात. महिन्याभरात 35 च्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त साठा संपतो. ‘आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवा’ हा सल्ला इथे तोकडा पडतो. आयडलवर बॅटरीत निव्वळ दहा अँपिअर जात आहेत असे मानले, तरी पाच मिनिटांत भरतात 0.8 अँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम एका दिवसाची तूट. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि ते पुढे चार्ज करूनही पूर्ण निघत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर गाडी चालवावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी किंवा घरी चार्जर लावावा.

बॅटरी खरोखर गेली आहे का, हे ठरवताना नुसत्या व्होल्टवर विसंबू नये. गाडी काही तास बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. पण झिजलेली बॅटरीसुद्धा स्वस्थ असताना 12.6 दाखवू शकते आणि सेल्फ मारताच कोसळते. खरी परीक्षा लोड टेस्टची. नेहमीच्या तापमानाला तिच्या क्रँकिंग क्षमतेच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढून व्होल्टेज 9.6 च्या खाली जात नसेल, तर ती अजून कामाची आहे. त्याच वेळी इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर 13.8 ते 14.5 च्या आसपास व्होल्ट मिळतात का तेही बघावे. इंजिनावर चालून बॅटरी भरणारा अल्टरनेटर तिला भरतच नसेल, तर नवी बॅटरीही आठवडाभरात उतरेल. मात्र इंजिन चालू असताना केबल काढून अल्टरनेटर तपासण्याची काही गॅरेजांतली पद्धत कृपया थांबवा. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते, आणि ती उसळी गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटला, जाळू शकते. जुन्या काळच्या गाड्यांत ईसीयू नव्हता, म्हणून ती सवय चालून गेली.

खरेदी करताना वॉरंटीच्या महिन्यांची फोड विचारावी. 48 महिन्यांतले 24 मोफत बदलीचे आणि 24 टप्प्याटप्प्याने घटत्या सवलतीचे असू शकतात; तो बॅटरीच्या आयुष्याचा अंदाज नव्हे. उत्पादनाची तारीखही बघावी, कारण शेल्फवर पडलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि तापलेल्या दुकानात लवकर उतरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत मूळ बॅटरी ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे अशा वारंवार चालू-बंदसाठी बनवलेली, असेल, तर तिच्या जागी साधी बसवणे म्हणजे थोड्या पैशांसाठी वारंवार खर्च ओढवून घेणे. बॅटरी बदलताना आधी निगेटिव्ह केबल काढतात आणि शेवटी निगेटिव्ह जोडतात, कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आम्ल उडत नाही, पाणी उडते; वरून आम्ल घातले तर प्लेटा लवकर खराब होतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन चार पैसे जास्त मिळवण्याचा मोह टाळावा. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते, आणि उघड्यावर बॅटरी फोडून ते वितळवले की आसपासच्या माती-पाण्यात आणि मुलांच्या रक्तात उतरते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरलेली बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्या आणि बिलावर तिची नोंद करून घ्या.