सांधेरोपणानंतर रुग्णाला घरी सोडण्याचे निकष : एक विवेचन

प्रस्तावना :
इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा माथा व प्लॅस्टिकची खोबण वापरून खुब्याचे रोपण केले आणि आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला. त्या काळी रुग्णाला काही आठवडे रुग्णालयात राहावे लागे. आज ही मुदत काही दिवसांवर आली आहे. त्यामुळे रुग्णाला घरी केव्हा सोडावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

मुदत कमी होण्याची कारणे :
डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठी नवी उपचारपद्धती पुढे आणली. वेदना निरनिराळ्या औषधांनी आटोक्यात ठेवणे, लवकर आहार सुरू करणे आणि रुग्णाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करणे ही तिची प्रमुख अंगे होत. अंथरुणाला खिळून राहिल्यास पायातील रक्तवाहिन्यांत गुठळी होणे, छातीत संसर्ग होणे व स्नायू दुर्बल होणे हे धोके वाढतात. म्हणूनच चालणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

घरी सोडण्याचे निकष :
दिवसांची संख्या हा खरा निकष नव्हे. वेदना गोळ्यांनी आटोक्यात असणे, जखम कोरडी असणे, ताप नसणे आणि लघवी मोकळी होणे या बाबी प्रथम पाहाव्या लागतात. त्याचबरोबर रुग्णाला अंथरुणातून उठता आले पाहिजे, वॉकरच्या साहाय्याने शौचालयापर्यंत जाता आले पाहिजे आणि घरी पायऱ्या असल्यास त्या चढता-उतरता आल्या पाहिजेत. चढताना चांगला पाय आधी व उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, हा नियम रुग्णालयातच गिरवून घ्यावा.

घराची परिस्थिती :
आपल्याकडे जमिनीवर बसण्याची व उकिडवे बसण्याची सवय आहे. उकिडवे बसताना नव्या गुडघ्यावर अतिरिक्त ताण येतो, तर नवा खुबा निखळण्याचा धोका असतो. म्हणून उंच खुर्ची, कमोडची खुर्ची व भिंतीला आधाराची दांडी यांची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवी. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा रुग्ण आणि अंगणापलीकडे शौचालय असलेला खेड्यातील रुग्ण यांना एकच सूचनापत्र देऊन भागत नाही.

पोटरीत सूज व दुखणे, जखमेतून स्राव किंवा ताप यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे; अचानक धाप लागल्यास किंवा छातीत दुखू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गुठळी टाळण्याची औषधे ठरवून दिलेल्या मुदतीपूर्वी स्वतःहून बंद करू नयेत. या सूचना बिल भरण्याच्या गडबडीत कागदावर न देता, घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून समजावून सांगणे आवश्यक आहे.

समारोप :
रुग्णालयातील मुदत कमी होते तेव्हा शुश्रूषेचा भार नाहीसा होत नाही, तो कुटुंबावर येतो. त्यामुळे रुग्णाची क्षमता, त्याचे घर आणि शुश्रूषा करणाऱ्याची तयारी या तिन्ही गोष्टी पाहून घेतलेला निर्णयच योग्य ठरतो.