बांधातला खेकडा: शत्रू की शेजारी?

मृगाचा पाऊस पडला की मावळात आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यात पोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्याकडं निघतात. खेकड्याचा रस्सा सगळ्यांनाच आवडतो. पण हाच खेकडा भातखाचराच्या बांधाला भोक पाडतो, पाणी निघून जातं, आणि मग काही जण बिळात कीटकनाशक ओततात. एका गावात मी असा बांध पाहिला. दुसऱ्या दिवशी खालच्या ओढ्यात खेकड्यांबरोबर मासेही मरून पडले होते. त्याच ओढ्यावर गुरं पाणी पितात.

शेतकरी बंधूंनो, या प्राण्याची आधी ओळख करून घेऊ. खेकडा, कोळंबी आणि समुद्रात खडकाला, होडीच्या बुडाला चिकटून बसणारे बार्नेकल ही सगळी एकाच कवचधारी कुळातली भावकी. बार्नेकलची पिल्लं समुद्रात तरंगत दूर जातात आणि जागा मिळेल तिथं चिकटतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याच्या अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. त्यामुळं एखाद्या ओढ्यातला खेकडा संपला, तर तो तिथं लवकर परत येत नाही.

याच कारणानं सह्याद्रीत खेकड्यांच्या जातीही पुष्कळ झाल्या. कुणी ओढ्यात दगडाखाली राहतो, कुणी सड्यावरच्या खडकाच्या भोकात, तर कुणी झाडाच्या ढोलीत. अशा खेकड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये घाटावरूनच ‘घाटियाना’ हे नाव दिलं.

जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. गळतीच्या तक्रारी मात्र गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकडा बीळ करतो हे खरं, पण बांधाची देखभाल आपल्याच हातात असते.

म्हणून एवढं करा. नांगरताना बांध कोरून बारीक करू नका. बारीक बांधातच बीळ आरपार जातं. लावणीआधी बांधावरचं गवत काढा. नुसतं बिळाचं तोंड बुजवू नका. कुदळीनं आतपर्यंत उकरा, चिकणमाती भरा आणि धुमसानं ठोकून घ्या. बिळात औषध मुळीच नको. थायमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट तर २०२० अखेरपासून बंदच आहे. खेकडा धरलात तर उलटा करून पाहा. पोटाखालची घडी रुंद, गोल असेल तर ती मादी. तिच्याजवळ अंडी किंवा पिल्लं असतील तर तिला सोडून द्या.

पवना आणि इंद्रायणी खाली शहरात आणि कारखान्यांच्या पट्ट्यात शिरल्यावर त्यांचं काय होतं, हे आळंदीला फेस पाहणाऱ्यांना सांगायला नको. निदान वरचे ओढे तरी आपण जपू. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी गावच्या जैवविविधता नोंदवहीत ओढ्यांचं पान उघडावं आणि जुन्या माणसांना विचारून खेकडे कुठं होते, आता कुठं उरलेत, हे या पावसाळ्यात लिहून ठेवावं.