पावसाचें पाणी मातींत गेल्यावर

परतवाड्याच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर आहेत. तेथून खालीं उतरणाऱ्या नद्यांनीं पायथ्याशीं दगडगोटे व भरड वाळू पसरून ठेविली आहे. तींत पाणी चटकन् मुरतें. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांत मात्र काळी चिकण जमीन लागते. तेथें पाणी मुरतां मुरत नाहीं, आणि पुष्कळ विहिरी खारट. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील ह्या भागास खारपाणपट्टा म्हणतात.

एकाच पावसाची अशी दोन रूपें कां व्हावींत?

१८५६ सालीं हेन्री दार्सी ह्या फ्रेंच इंजिनियरानें वाळूंतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. दाबांतील फरक जितका अधिक आणि वाट जितकी आखूड, तितका प्रवाह मोठा. हा नियम पाण्यानें तुडुंब भरलेल्या थराचा होय. भूजलाच्या पातळीवरील माती अर्धवटच ओली असते. दिव्याची वात तेल धरते, तशी ती पाणी धरून ठेवते. माती सुकूं लागली म्हणजे मोठीं छिद्रें आधीं रिकामीं होतात आणि पाण्याची चाल फारच मंदावते. हें जमेस धरून १९३१ सालीं अमेरिकेंत लॉरेन्झो रिचर्ड्स ह्यानें आपलें समीकरण मांडलें. आज संगणक त्याच आधारें जमिनीचे पातळ थर कल्पून प्रत्येकाचा जमाखर्च मांडतो: वरून किती आलें, मुळांनीं किती घेतलें, खालीं किती उतरलें.

पाण्याबरोबर क्षारहि चालतात. परंतु पाणी वाफ होऊन उडतें, क्षार मागें राहतात. त्यांत सोडियम अधिक असेल, तर चिकणमातीचे कण फुगून विखुरतात व छिद्रें बुजतात. मग पावसाच्या गोड्या पाण्यासहि क्षार धुऊन नेण्यास वाट उरत नाहीं. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो खरा. पण सुटलेला सोडियम बाहेर जाण्यास निचरा हवाच.

म्हणून हें गणित केवळ विद्वानांचें नव्हे. खारट पाणी ओलितास दिल्यास जमीन किती काळ टिकेल, चर किती खोल व किती अंतरावर खणावे, ह्याचा अंदाज तें आधीं देतें. पायथ्याच्या संत्र्याच्या बागांसहि तें उपयोगीं आहे. कारण भरड मातींतून जसें पाणी, तसें खतांतील नायट्रेटहि खालीं भूजलांत उतरतें.

मात्र उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस भेगा पडतात व पहिला पाऊस सरळ त्यांतून खोल जातो. भेगा न मोजतां मांडलेला हिशेब चुकतो. बिघडलेली जमीन सुधारण्यास वर्षें लागतात. यास्तव गणितापूर्वीं शेतांतील माती खोलवर तपासणें, हेंच शहाणपणाचें.