बिनटाक्याची करामत

पुरुष नसबंदीचं नाव काढलं की कुणीतरी ‘अशक्तपणा येतो’ म्हणतो आणि विषय तिथंच मिटतो. शेवटी ऑपरेशन बाईच्याच वाट्याला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित महिलांपैकी 37.9 टक्के स्त्री नसबंदीवर विसंबून होत्या. पुरुष नसबंदीवर 0.3 टक्के! आणि दोन्हींत सोपं आहे ते पुरुषाचं.

शुक्रजंतू वाहून नेणारी नळी अंडकोषाच्या कातडीखालीच हाताला लागते. जाडी दोन-तीन मिलिमीटर, आतली पोकळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! डॉक्टर ती तीन बोटांत धरून कातडीलगत आणतात. भुलीचं इंजेक्शन तेवढ्या जागेपुरतं. ते टोचतं, मग थोडं ओढल्यासारखं वाटतं. गोल तोंडाच्या चिमट्यानं नळी पकडायची, अणकुचीदार चिमट्यानं कातडीला भोक पाडायचं आणि तेच हळूहळू रुंदावायचं. कातडी चिरली जात नाही, नुसती फाकते. म्हणून रक्त थोडं आणि टाका नाही. नळी कापून, बांधून आत सोडली, की त्याच भोकातून दुसऱ्या बाजूची. वीसेक मिनिटांत काम उरकतं.

1960 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रेल्वे स्टेशनांवरसुद्धा नसबंदी केंद्रं चालत, पण तेव्हा सुरी आणि टाके होते. ही बिनटाक्याची युक्ती चीनमधल्या सिचुआनच्या डॉ. ली शुनच्यांग यांनी 1974 साली काढली.

आता तो अशक्तपणा. पूर्णा जंक्शनवरून अकोल्याची लाइन बंद ठेवली, म्हणून परभणी-नांदेड गाड्या थांबतात का? पुरुषी संप्रेरक या नळीतून जातच नाही. ते थेट रक्तात मिसळतं. ताकद, दाढी, इच्छा सगळं जागच्या जागी. शुक्रजंतू तयार होतच राहतात, शरीर ते जिरवून टाकतं. वीर्यातही फरक कळत नाही, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा मुळातच नगण्य.

नंतर दोन दिवस आराम, घट्ट लंगोट किंवा चड्डी आणि आठवडाभर सोयाबीनची पोती उचलायची नाहीत, सायकलही नको. सूज, ताप किंवा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठावा. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची हमी नाही. तेव्हा नवरा-बायकोचं आधीच पक्कं ठरलेलं बरं.

आणि एक घाई नको. गाठीच्या पुढं गेलेले शुक्रजंतू काही काळ उरतात. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं. ‘शुक्रजंतू नाहीत’ असा रिपोर्ट हातात पडेपर्यंत निरोध सोडायचा नाही.